शाळेची घंटा आणि गावातले दोन तट



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा प्रोग्रॅम यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. पण गटातून फिरताना उसाच्या खालोखाल जी चर्चा कानावर येते ती शाळेची. शिक्षकांचे आंदोलन झाले की गावात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "फुकटचा पगार खातात." दुसरा म्हणतो, "त्यांचंही काही चूक नाही." ओट्यावर सुरू झालेला वाद घरात जातो आणि पोर मात्र दप्तर घेऊन दारात उभे राहते.

हा वाद सर्वांत जास्त पेटला तो २०२० च्या नोव्हेंबरात. त्यापासून आपल्याला काही शिकण्यासारखे आहे, म्हणून आज त्याची उजळणी करीत आहोत.

त्या वेळी काय घडले?

करोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. पुढे राज्य शासनाने नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडण्याचे ठरविले. अटी अशा होत्या : पालकांचे लेखी संमतिपत्र हवे, प्रत्येक शिक्षकाची आरटीपीसीआर तपासणी हवी आणि मुले अंतर ठेवून बसवावीत. शिक्षकांच्या संघटनांनी हरकत घेतली. चार-सहा दिवसांत एवढ्या लोकांची तपासणी कशी व्हायची? वर्ग धुण्याफवारण्याचा, तापमापकाचा खर्च शाळेने कोठून करायचा? दिवाळीच्या गर्दीनंतर रुग्ण वाढले तर जबाबदार कोण? तपासणीत बरेच शिक्षक बाधित निघाले, तेव्हा पालकही बिचकले. अखेर आपल्या नाशिक जिल्ह्यात पालकमंत्री छगन भुजबळ यांनी शाळा ४ जानेवारी २०२१ पर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर केले.

ओट्यावरची बैठक

त्याच आठवड्यात आम्ही तोडणीच्या नोंदी घेऊन गट कार्यालयाच्या ओट्यावर बसलो होतो. ऊस बाजूला राहिला आणि शाळाच निघाली. एक सभासद तावातावाने म्हणाले, "साहेब, पोरगी दहावीला. घरात मोबाईल एक, तो माझ्या खिशात. मी रात्री बारे द्यायला गेलो की पोरीची शाळा माझ्याबरोबर पाटावर येते. आणि मळ्यात रेंज कुठाय? आपण कांदा घेऊन मार्केटला जातो, दूध घालतो, तोडणीवाले फडात येतात. मग मास्तरांनाच काय धाड भरली?"

शेजारचे सभासद हळू आवाजात म्हणाले, "माझी म्हातारी दम्याची आहे. पोरगं शाळेतून घेऊन आलं तर आधी तिला लागेल. कागदावर सही म्हणजे जबाबदारी आपलीच ना? मी नाही सही करणार."

उसाच्या नोंदीसाठी आलेल्या एक भगिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही पोरांचं बोलता. माझी लेक नववीला आहे. शाळा बंद झाली आणि घरात स्थळांच्या गोष्टी निघाल्या. शाळा असती तर 'शिकते आहे' म्हणून सांगता तरी आलं असतं."

यावर कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही.

आमची चूक

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हीही पहिल्या सभासदांच्या बाजूने होतो. आम्ही बांधाबांधाने फिरतो, मग शिक्षकांनी का घाबरावे, असे चारचौघांत बोलूनही गेलो. दोन दिवसांनी एक वयस्कर गुरुजी रस्त्यात भेटले. त्यांच्या कानावर आमचे बोलणे गेले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी मी घरोघर ताप आन् ऑक्सिजन मोजत फिरलो. तुमच्या टोळ्यांच्या कोप्यांवरसुद्धा. तेव्हा माझी तपासणी झाली का, हे कोणी विचारलं नाही. शाळा नको असं मी म्हणत नाही. माझ्या तपासणीचा निकाल हातात येऊ द्या, मग वर्गात जातो. माझ्यामुळे पोराच्या घरी काही झालं तर तोंड कोणाला दाखवू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पहिल्या सभासदांचे म्हणणे खरे होते आणि गुरुजींचेही खोटे नव्हते. भांडण पालक आणि शिक्षक यांचे दिसत होते, पण दोघांनाही विचारणारे कोणी नव्हते. संमतिपत्रावर सही मागितली गेली, मत नव्हे.

संप आणि शाळा

शिक्षकांचा रोष काही नवा नाही. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप जुन्या सभासदांना आठवत असेल. अलीकडे १४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. तेव्हाही असेच दोन तट पडले. 'आमच्या पोरांच्या परीक्षेतच का?' हा प्रश्न रास्त आहे. पण आपणही उसाच्या भावासाठी गाड्या अडवतो त्या ऐन हंगामातच, हेही विसरू नये.

गावकऱ्यांची एक तक्रार मात्र शिक्षकांनीही ऐकावी. जुलै २०२१ मध्ये करोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्यास परवानगी मिळाली. ते काम सरपंचांच्या समितीकडे होते आणि शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावे, असे अपेक्षित होते. येथे गाडे अडले. शिक्षक नाशिकहून जाऊन-येऊन करणारा असेल तर गावाला तो पाहुणा वाटतो. मग त्याच्या मागणीकडेही गाव पाहुण्याच्या मागणीसारखेच पाहते.

नांग्या वेळीच भराव्यात

नुकसान किती झाले ते पुढे दिसले. 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील जी मुले दुसरीचा धडा वाचू शकत होती त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होते. २०२२ मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास आले.

लागणीत नांग्या पडल्या तर आपण महिन्याच्या आत रोपे लावून भरतो. ऊस कमरेला आल्यावर नांगी भरली तर ते रोप सावलीत खुरटते. मग कितीही युरिया टाका. मुलांचेही तसेच आहे. मागे पडलेले मूल 'पुढच्या वर्गात भरून निघेल' म्हणून सोडून देऊ नये.

म्हणून सभासदांना आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. त्या बैठकीला नुसत्या सहीपुरते न जाता बोलायला जा. दुसरी : आंदोलनाची हाक आली की शिक्षकांना समितीत बोलवा, मागणी समजून घ्या आणि बुडालेले दिवस कसे भरून देणार ते लिहून घ्या. तिसरी : आपल्या फडात येणाऱ्या टोळीची मुले शाळेत जातात की नाही ते पाहा. २०२० च्या त्या वादात कोपीवरच्या मुलांचे संमतिपत्र कोणीच मागितले नव्हते. त्यांची नावे पटावर होती ती दूरच्या गावी.

त्या भगिनींच्या मुलीची पुढे आम्ही चौकशी केली. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात आईने स्वतः सही केलेले संमतिपत्र घेऊन ती शाळेत गेली. स्थळाची गोष्ट तेवढ्यावर थांबली.

— ऊस विकास विभाग