आधी खातेदार, मग मतदार

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा खानदेशात मतदान झालं. पण दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या भिल्ल सालदाराचं नाव बहुधा यादीतच नसायचं. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं मत माणसाला नव्हे, त्याच्या ऐपतीला दिलं होतं: शेतसारा, मालमत्ता, भाडं किंवा शिक्षण, यांपैकी काही दाखवा आणि मतदार व्हा. सातपुड्यात जंगलातली जमीन कसणाऱ्या पावरा आदिवासीकडे जमीन होती, पण नावावर नव्हती. सारा नाही, म्हणून मतही नाही.

त्यात आणखी एक गुंता. पश्चिम खानदेशातला नवापूर पेठा, अक्राणी महाल, मेवासी संस्थानिकांची गावं आणि पूर्व खानदेशातलं सातपुड्याचं राखीव जंगल हे त्याच कायद्याखाली ‘अंशतः वगळलेले’ भाग ठरले. म्हणजे ज्यांना मत होतं, त्यांनी निवडलेल्या विधानसभेचा कायदाही गव्हर्नरनं सांगितल्याशिवाय तिथे लागू होत नसे.

राज्यघटनेनं ही ऐपतीची अट काढून टाकली. कलम ३२६ प्रमाणे २१ वर्षांवरचा प्रत्येक नागरिक मतदार झाला. १९८९ पासून वयाची ही अट १८ वर्षांवर आली. ऑस्ट्रेलियात सगळ्या मूलनिवासींना केंद्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळायला १९६२ उजाडलं. आपल्याकडे आदिवासींना १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत तो वापरता आला. वाचता येत नाही म्हणून कुणी अडू नये, यासाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्हासह वेगळी पेटी ठेवली होती.

आता राखीव जागेचं पाहू, कारण इथे गैरसमज फार. नंदुरबार लोकसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. विधानसभेला धुळे जिल्ह्यात साक्री आणि शिरपूर, जळगाव जिल्ह्यात चोपडा राखीव आहेत. राखीव असतो तो उमेदवार, मतदार नव्हे. चोपड्यात पाटील, कोळी, तडवी सगळेच मत देतात, उभं मात्र अनुसूचित जमातीच्याच माणसाला राहता येतं. उलट, आदिवासी उमेदवार खुल्या जागेवरही लढू शकतो. ही राखीव जागांची तरतूद मुळात दहा वर्षांसाठी होती. ती वेळोवेळी वाढत आता २०३० पर्यंत आली आहे.

हक्क कागदावर पुरा झाला, तरी तो वापरायचा मार्ग यादीतूनच जातो. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८. गावातला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ते भरून घेतो. मत मात्र जिथे नाव, तिथेच. दिवाळीनंतर सातपुड्यातली अनेक आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे उतरतात. मतदान त्या काळात आलं, की गावी यायला भाडं लागतं आणि दोन दिवसांचा रोज बुडतो. मुकादमानं दिलेली उचल अंगावर असेल, तर फडातून निघणंही सोपं नसतं. साऱ्याची पावती आता कुणी मागत नाही. पण मतदानाच्या दिवशी तो ऐपतीचा प्रश्न एसटीच्या तिकिटातून पुन्हा समोर येतो.