‘च’चा जाच

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला, कतारगामला मामांकडे गेलो होतो. मामा वीस वर्षे हिऱ्यांना पैलू पाडतात. मंदीत त्यांचा कारखाना दिवाळीपूर्वीच बंद पडलेला. मामा धड जेवत नसत. एकच वाक्य घोळवीत, "घरात पैसा मीच आणला पाहिजे. नाही तर मी कसला माणूस?"

असे घर तिथे एकच नव्हे. हिरे कामगारांच्या आत्महत्यांमुळे २०२४ च्या जुलैत त्यांच्या युनियनला मदतीची दूरध्वनी सेवा सुरू करावी लागली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचविली. तिचे म्हणणे असे, की घटना आणि दुःख यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते. तीच आपण तपासत नाही. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे पटावे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी वह्या जाळीत नाही, चुकीची नोंद शोधतो.

ही चूक पुष्कळदा एका ‘च’मध्ये लपते. ‘व्हावे’ ही इच्छा, ‘झालेच पाहिजे’ हा हुकूम. कन्नडमध्येही ‘आगबेकु’ आणि ‘आगलेबेकु’ यांत एका ‘ले’चाच फरक!

एलिस स्वतः लाजाळू. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन ते शंभर अनोळखी मुलींशी बोलले. एकीने भेटायचे कबूल केले, तीही आली नाही. पण नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्यांना कळले. (हा प्रयोग आपल्या कॉलेजात करू नये!)

‘सगळे छान होईल’ असे घोकणे म्हणजे मात्र विचार बदलणे नव्हे. ती दुसरी खोटी नोंद. मामांच्या वाक्यातला ‘च’ काढून मी कागदावर लिहिले : ‘पैसा मी आणावा अशी माझी फार इच्छा आहे. आज काम नाही, हे वाईटच आहे. पण बाजार पडला म्हणून माझी माणूस म्हणून किंमत पडत नाही.’

मामा म्हणाले, "अरे, याने पगार मिळतो का?"

नाही मिळत, हे मला कबूल करावे लागले. शिवाय झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर कागद पुरत नाही. डॉक्टर गाठावा, किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करावा. तो क्रमांक मी मामींना लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी मामा दोन कारखान्यांत विचारून आले. काम मिळाले नाही. रात्री मात्र आमच्या पंगतीला बसले आणि भाकरी मागून घेतली.