निजामाचं राज्य ज्या गावात जन्माला आलं, ते बुलढाण्यातलं साखरखेर्डा

बुलढाणा जिल्ह्यात फिरायला येणारी गाडी साधारण दोनच ठिकाणी थांबते. एक शेगाव आणि दुसरं लोणार. दर्शन झालं, सरोवराच्या काठावर फोटो झाला की गाडी परत. आता समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, त्यामुळे बरेच जण तेवढंही थांबत नाहीत.

पण याच भागात, सिंदखेडराजा तालुक्यात, साखरखेर्डा नावाचं गाव आहे. पंचक्रोशीत ते पलसिद्ध महाराजांच्या मठासाठी ओळखलं जातं. १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबाद संस्थानाचा पाया या गावाच्या शिवारात घातला गेला, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं.

भानगड अशी होती. निजाम-उल-मुल्क हा मुघल बादशहा मुहम्मदशाहचा वजीर. दिल्लीच्या दरबारातल्या कारस्थानांना कंटाळून तो वजिरी सोडून दक्षिणेकडे निघाला. बादशहाला हे पटलं नाही. त्याने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला आतून दख्खनची सुभेदारी देऊ केली, म्हणजे निजामाचा काटा परस्पर निघेल. ऑक्टोबर १७२४ मध्ये दोन्ही फौजा साखरखेर्ड्याजवळ भिडल्या. मुबारिजखान मारला गेला. बाजीराव पेशवे या लढाईत निजामाच्या बाजूने होते. चारच वर्षांनी, १७२८ मध्ये, पालखेडला त्याच बाजीरावांनी त्याच निजामाला गुडघे टेकायला लावले, ही गोष्ट वेगळी.

जिंकल्यावर निजामाने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. बादशहाकडेही फारसा पर्याय उरला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने निजामाला 'आसफजाह' ही पदवी दिली. हैदराबादचं घराणं आसफजाही म्हणून ओळखलं जातं, ते यामुळेच. गंमत म्हणजे १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि ज्या मातीत हे राज्य उभं राहिलं, तीच निजामाच्या हातून सुटली. फत्तेखेर्डा हे नावही मागे पडलं. लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिलं.

या गावाला जायचं तर वाटेत सिंदखेडराजा लागतं. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी लाखोंची गर्दी होते. एरवी लोक राजवाडा बघतात आणि निघतात. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांची समाधी तिथेच आहे, तिकडे कमी पावलं वळतात. १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजीरावांची मुलं आणि नातवासह हत्या झाली. (हा अहमदनगरचा निजामशहा. वरचा हैदराबादचा निजाम वेगळा. दोघांची गल्लत सोशल मीडियावर रोज होते.) जून २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचं काम या समाधीच्या परिसरात चालू असताना जमिनीखाली शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. लांबी सुमारे १.७ मीटर, उंची सुमारे १ मीटर. इतकी वर्षं माणसं तिच्यावरून चालत होती.

असं या भागात पहिल्यांदा घडलं नाही. पैनगंगेकाठच्या मेहकरला १८८८ मध्ये अशीच एक भव्य मूर्ती जमिनीतून निघाली. तीच आजची शारंगधर बालाजीची. मेहकरहून लोणार तासाभराच्या आत येतं. तिथेही सरोवर बघून परत न फिरता गावातलं दैत्यसूदन मंदिर बघायला हवं. त्याच्या भिंतींवरचं कोरीवकाम सावकाश बघायचं तर एक अख्खी दुपार लागते.

मग ही ठिकाणं लक्षात का राहत नाहीत? एक कारण कायद्यात आहे. आपल्याकडे १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा आहे. पण वास्तू कितीही जुनी असली तरी सरकारने अधिसूचना काढून तिला 'संरक्षित' म्हटल्याशिवाय या कायद्यांचं कवच मिळत नाही. गावाबाहेरची वीरगळ, बुजलेली बारव, पडकी गढी यांची नावं बहुतेक वेळा यादीत नसतातच. लढाईचं मैदान तर त्याहून अवघड, कारण तिथे दाखवायला शेतच असतं. स्वीडनमध्ये उलट आहे. तिथे १८५० च्या आधीचे पुरातन अवशेष कायद्याने आपोआप संरक्षित धरले जातात, वेगळी अधिसूचना लागत नाही. रस्त्यावर प्रेक्षणीय जागेची पाटीही ठरलेली असते: चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना वेटोळी. ॲपलच्या कीबोर्डवरची कमांडची खूण तिथूनच घेतलेली आहे.

साखरखेर्ड्याला जाणार असाल तर पावसाळा संपता संपता जा. लढाईही याच दिवसांत झाली होती. पारावरच्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या शिवारांची नावं विचारा. आणि शेतात कोरीव दगड दिसला तर हलवू नका, शेंदूर फासू नका. फोटो काढा, गट नंबर टिपून घ्या आणि तहसीलदाराला कळवा. जमिनीत पुरलेलं जुनं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो कायदा आजही लागू आहे.