बरे वाटणे आणि बरे होणे

आमच्या मामांना क्षय झाला होता, ही गोष्ट आमच्या घरात पुष्कळ दिवस मोठ्याने कोणी बोलत नसे. 'मामांना जरा खोकला आहे', एवढेच सांगायचे. २०१८ सालच्या उन्हाळ्यात त्यांना गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत ताप गेला, भूक लागू लागली, अंगावर मांस चढले. तेवढ्यात पेरणीची घाई आली. गोळ्यांसाठी तालुक्याला कोण फेऱ्या मारतो, म्हणून मामांनी औषध सोडले. "आता मला काही होत नाही," असे ते सांगत आणि ते खरेही होते. दिवाळीनंतर खोकला परत आला. या खेपेला थुंकीतून रक्त पडू लागले.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण मामांच्या निमित्ताने जो प्रश्न मला पडला, तो तुम्हालाही पडला असेल. ताप दोन महिन्यांत जातो, मग औषध सहा महिने कशाला? 'डॉक्टर सांगतात म्हणून', हे काही उत्तर नव्हे. कारण कळले नाही की शहाणा माणूससुद्धा आपल्या अकलेने गोळ्या सोडतो.

क्षयाचा जंतू शोधल्याचे रॉबर्ट कॉख या जर्मन संशोधकाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. पण चोर ओळखता आला म्हणून लगेच हाती लागतो थोडाच! आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या वेळी जगातल्या कोणत्याही डॉक्टरजवळ या रोगावर औषध नव्हते. चांगली हवा, दूध, अंडी आणि विश्रांती, एवढ्यावरच भिस्त. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. इंग्लंडात ते रोग्यांना देऊन पाहिले, त्याचा अहवाल १९४८ साली निघाला. रोगी आधी झपाट्याने सुधारले. पण पुढे कित्येकांच्या अंगातले जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. एकट्या औषधाने काम भागत नाही, हा धडा तिथे मिळाला.

असे का व्हावे? हा जंतू मोठा सुस्त आहे. इतर पुष्कळ जंतू वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला त्यासाठी वीसेक तास लागतात. औषधाचा मारा वाढत्या जंतूवर जास्त चालतो. शिवाय काही जंतू फुप्फुसात नुसते झोपून राहतात, त्यांना औषध लवकर लागत नाही. शेतकरी मंडळींना हे हरळीवरून चटकन कळेल. कुळव फिरला की रान कसे स्वच्छ दिसते! पण जमिनीत कांडी राहिली असेल, तर पहिल्या पावसाला हरळी पुन्हा हजर. ताप-खोकला जाणे म्हणजे वरची हरळी जाणे. पुढचे चार महिने असतात ते खालच्या कांड्या वेचण्याचे.

आणि गोळ्या अनेक का? कोट्यवधी जंतूंत एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे आधीपासूनच असतात. ते दुसऱ्या औषधाने मरतात. म्हणून साध्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, अशी योजना आहे, रोज, वजनाप्रमाणे. मध्येच सोडले तर मागे चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. मामांचे तसेच झाले. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध आता त्यांना लागू पडत नाही, असे तपासणीत निघाले. मग वेगळी औषधे आली, दीड वर्षाहून अधिक काळ. मळमळ एवढी, की जेवणाचे ताट समोर आले की मामा तोंड फिरवीत. अशा रोगालाही आता कमी मुदतीचे उपचार निघाले आहेत; मामांच्या वेळी ते हाताशी नव्हते.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, रात्री घाम फुटू लागला, वजन उतरू लागले, तर बेडका तपासून घ्यावा. नुसती लाळ नव्हे बरं का. छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये बँकेच्या खात्यात जमा होतात. गावातल्या आशाताईंना विचारा. गोळ्यांनी लघवी तांबूस होते, तिला भिऊ नये. मात्र डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

राहता राहिली गोष्ट ताटवाटी वेगळी मांडण्याची. हा रोग भांड्यांतून पसरत नाही. खोकल्यातून उडालेल्या बारीक तुषारांतून, कोंदट हवेत पसरतो. १९५६ साली मद्रास शहरात एक प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. वर्षाअखेर दोघांचा गुण जवळजवळ सारखा निघाला. घरी राहिलेल्यांच्या माणसांना रोग अधिक झाला, असेही दिसले नाही. त्याचा अहवाल १९५९ साली छापला गेला. तरीदेखील आजही एखाद्या सुनेला क्षय निघाला की तिची माहेरी रवानगी होते, आणि त्या ओढाताणीत औषध तुटते. शिक्षकबंधुभगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. हे तुम्हीच त्या घरी जाऊन सांगू शकाल.

मामींनी मामांची वाटी वेगळी काढली नाही. खिडकी उघडी ठेवीत, मामा खोकताना तोंडाला पंचा धरीत. रोज गोळ्या घेऊन झाल्या की मामी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फुली मारीत. एका दिनदर्शिकेत ते औषध मावले नाही. दुसरी आणावी लागली.