हाडवैद्याचा वारसा

गावोगावी हाडवैद्य होते आणि आजही आहेत. मोडलेला हात चाचपून ते हाड बसवितात, बांबूच्या कामट्या लावून बांधतात आणि रोग्यास घरी धाडतात. काहींचा हात खरोखरच चांगला असतो. काहींच्या घट्ट बंधनाखाली रक्ताभिसरण थांबून रोग्याचा हात कुजतो. हा भेद आधी ओळखण्याचे साधन रोग्याजवळ नसते. अस्थिशल्याच्या विशेष शिक्षणाची गरज येथेच उत्पन्न होते. आणि मौज अशी की, या शिक्षणाचा एक मोठा प्रवाह हाडवैद्याच्याच घरातून निघाला.

वेल्समधील अँगलसी बेटावरचे इव्हान टॉमस हे पिढीजात हाडवैद्य लिव्हरपूल येथे स्थायिक झाले. त्यांचा लौकिक मोठा. परंतु पदवी नसल्यामुळे त्यांना कोर्टाची पायरी पुनःपुन्हा चढावी लागे. त्यांनी आपल्या पाचही मुलांस डॉक्टरी शिकविली. थोरले ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) यांनी गुडघ्याच्या क्षयासाठी एक साधी चौकट तयार केली : जांघेशी बसणारे, कातड्याने मढविलेले लोखंडी कडे आणि पायाच्या दोहों बाजूंनी जाणारे दोन गज. त्यांच्या हयातीत तिची फारशी कदर झाली नाही.

त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १८८८ मध्ये मँचेस्टरच्या जहाजी कालव्याच्या बांधकामावर जोन्स शल्यचिकित्सक म्हणून नेमले गेले. सुमारे ३५ मैलांच्या त्या कामावर हजारो मजूर राबत होते आणि अपघात नित्याचेच होते. जोन्स यांनी वाटेवर प्रथमोपचाराची ठाणी व तीन रुग्णालये यांची साखळी उभी केली. हाड कोणी बसवावयाचे याइतकाच जखमी माणूस तेथवर कसा पोचवावयाचा हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हे त्यांनी ओळखले होते.

पहिल्या महायुद्धात याची कसोटी लागली. मांडीचे हाड मोडले की भोवतालचे बळकट स्नायू आखडतात, तुटकी टोके एकमेकांवर सरकून मांसात रुततात आणि मांडीत पुष्कळ रक्त साचते. गोळीने हाड मोडलेल्या सैनिकांपैकी निम्म्याच्या आसपास दगावत. टॉमस यांच्या चौकटीत पाय ताणून धरला की टोके हलत नाहीत. ती काळोखातही बांधता यावी म्हणून स्ट्रेचर उचलणाऱ्या शिपायांकडून डोळे बांधून सराव करून घेण्यात आला. १९१७ च्या आरासच्या लढाईत या जखमेने मरणाऱ्यांचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास आले. हे यश शल्यगृहातील नव्हे, खंदकातील शिक्षणाचे होते.

युद्धानंतर लिव्हरपूल विद्यापीठाने अस्थिशल्याची स्वतंत्र पदवी सुरू केली आणि अनेक भारतीय डॉक्टर ती घेऊन मायदेशी परतले. १९५५ मध्ये भारतीय अस्थिशल्यतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. आता एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षांचा एम. एस. अभ्यासक्रम देशातच आहे. त्यातील पुस्तकी भाग कोणीही पाठ करील. खरे शिक्षण अपघात विभागातील रात्रपाळीत होते. तेथे नवख्या डॉक्टरची नजर प्रथम मोडक्या हाडाकडे जाते, आणि वरिष्ठ ती तेथून काढून घेतात. आधी श्वास, मग रक्तस्राव, मग हाड. प्लास्टर घातल्यावरही बोटांचा रंग व संवेदना पुनःपुन्हा पाहावयाची, रोगी वाढत्या वेदनेने कळवळू लागला तर बंधन तत्काळ सोडावयाचे. कामट्या घट्ट आवळून रोग्यास घरी धाडणारा हाडवैद्य चुकतो तो नेमका येथेच.