खरखरीचा पाठलाग!

फोनवर मामाशी बोलताना मध्येच ‘खर्र्र… खस्स्स…’ असा आवाज आलाय कधी? मग आपण काय करतो? ‘हॅलो, हॅलो!’ ओरडतो, खिडकीपाशी पळतो, नाहीतर वैतागून फोन ठेवून देतो.

पण दोस्तांनो, एक माणूस या खरखरीच्या मागे लागला. आणि ओळखा पाहू, कुठे जाऊन पोचला? थेट आकाशगंगेत!

त्याचं नाव कार्ल जान्स्की. १९२८ साली तो अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत नोकरीला लागला, तेव्हा तो अवघ्या २२ वर्षांचा होता. ही प्रयोगशाळा टेलिफोन कंपनीची. तिचं काम काय, तर लोकांचं बोलणं दूरवर पोचवायचं, तेही अगदी स्वच्छ!

त्या काळी न्यूयॉर्कहून लंडनला फोन लावला की तुमचा आवाज रेडिओ लहरींवर बसून समुद्रापार जायचा. सुरुवातीला तीन मिनिटांचे किती पैसे पडायचे माहितीये? ७५ डॉलर! एवढे पैसे मोजायचे आणि ऐकायची खरखर? छे! म्हणून जान्स्कीला सांगितलं, ‘ही खरखर येते कुठून, शोधून काढ.’

त्याने न्यू जर्सी राज्यातल्या होल्मडेल गावी, मोकळ्या शेतात एक भलामोठा अँटेना उभारला. सुमारे ३० मीटर लांब! आणि गंमत म्हणजे खाली चक्क मोटारीची चाकं! तो गोल गोल फिरायचा, म्हणून सगळे त्याला ‘जान्स्कीचा मेरी-गो-राउंड’ म्हणायचे. एका फेरीला २० मिनिटं. बागेतला असा हळू फिरला, तर आपण कंटाळून उतरूनच जाऊ!

जान्स्की मात्र कंटाळला नाही. त्याला तीन तऱ्हेचे आवाज सापडले. एक जवळच्या विजांचा. दुसरा लांबच्या विजांचा. आणि तिसरा? तो होता बारीक, सतत चालणारा, ‘स्स्स्स’ असा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुसू करते ना, तसा!

हा कोण बुवा? आधी वाटलं, सूर्य असेल. पण आवाज सर्वांत मोठा होण्याची वेळ रोज चार मिनिटं अलीकडे सरकायची! आज बरोबर १२ वाजता, तर उद्या ११ वाजून ५६ मिनिटांनी. शाळेची घंटा अशी वागली तर?

या चार मिनिटांतच सगळं गुपित होतं. चला, मैदानावर जाऊन बघू. मैत्रिणीला मधोमध उभी करा. ती सूर्य. तुम्ही पृथ्वी. तिच्या मागे, खूप दूर एक झाड आहे. ते म्हणजे तारे. आता स्वतःभोवती गिरकी घ्या आणि त्याच दिशेने तिच्याभोवती थोडं पुढेही सरका. तुमचं तोंड आधी झाडाकडे येईल आणि मैत्रिणीकडे वळायला अजून थोडं फिरावं लागेल. हे ‘अजून थोडं’ म्हणजेच ती चार मिनिटं! म्हणजे आवाज सूर्याचा नव्हता. तो सूर्याच्याही खूप पलीकडून, आपल्या आकाशगंगेच्या मधल्या भागाकडून येत होता!

१९३३ साली ही बातमी जगाला कळली. तोवर माणूस आकाश फक्त बघत होता. आता तो ते ऐकायला लागला!

थांबा, खरखर अजून संपली नाही!

१९६४ साली त्याच होल्मडेलला, त्याच प्रयोगशाळेत अर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन काम करत होते. त्यांचा अँटेना कसा होता? आडवं ठेवलेलं नरसाळं बघा, पण घराएवढं! त्यातूनही एक हलकी खरखर यायची. दिवसा तीच, रात्री तीच. कुठेही तोंड फिरवा, तीच!

आत डोकावून बघतात तर काय, कबुतरांची जोडी! आत घर केलेलं आणि सगळीकडे शिट! दोघा शास्त्रज्ञांनी कबुतरं पकडली, दुसऱ्या गावी पाठवली आणि अँटेना घासूनपुसून लख्ख केला. कबुतरं कसली ऐकतात! उडत उडत परत हजर! आणि खरखर? तीही तशीच.

मग उलगडा झाला. चूल विझली तरी स्वयंपाकघरात ऊब रेंगाळते ना? तसंच आपलं विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी भयंकर तापलेलं होतं. त्याची उरलेली ऊब अजून सगळीकडे भरून आहे. आता ती इतकी थंड झालीय, की तिचं तापमान शून्याखाली २७० अंश आहे! ती खरखर म्हणजे हीच ऊब. या शोधासाठी दोघांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

जुन्या टीव्हीवर चॅनल लागलं नाही की ‘मुंग्या’ यायच्या. आजीला विचारा! त्या मुंग्यांतल्या थोड्याशा मुंग्या चक्क याच उबेमुळे दिसायच्या!

खरखरीचा शोध लावणाऱ्या या बेल लॅबोरेटरीजमध्येच १९४७ साली ट्रान्झिस्टर नावाचा पुर्जा जन्मला. आजोबा त्यांच्या छोट्या रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणतात, ते त्याच्यावरूनच. तुमच्या घरच्या मोबाईलमध्ये तर असे अब्जावधी ट्रान्झिस्टर बसलेत! १९५४ मध्ये इथल्याच लोकांनी उन्हावर वीज करणारी पट्टी बनवली आणि तिच्यावर काय फिरवलं? खेळण्यातला आकाशपाळणा! मला तर हा पाळणा फार आवडतो.

पण मन अजून खरखरीपाशीच घुटमळतंय. कारण जान्स्कीच्या त्या मेरी-गो-राउंडची आकाराने थोरली भावंडं आपल्याकडे आहेत! पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडद गावात आणि आसपास, अशा ३० अजस्र तबकड्या आकाश ऐकत उभ्या आहेत. एकेक ४५ मीटर रुंद! क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तरी जागा उरेल. आणि आकाशातून आलेल्या या लहरी किती जोरदार आहेत, हे तिथले शास्त्रज्ञ कशात मोजतात? ‘जान्स्की’ या एककात!

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्याच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. सरांकडे आत्ताच सहलीचा हट्ट धरा. तिथे गेलात की एक करा, बरोबरच्या मोठ्यांना मोबाईल बंद करायला सांगा. नाहीतर त्या तबकड्यांना आकाशाऐवजी आपलीच खरखर ऐकू जाईल!