खांदेरी राखली कशी?

किल्ला म्हटलं की पडेगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे देवगिरीच येतो. दौलताबादच्या रस्त्याला लागायचा अवकाश, तो समोर उभा. तासलेला कडा, खंदक, अंधारी वाट, दरवाजामागे दरवाजा. त्यामुळे खांदेरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: शिवाजी महाराजांनी ती कोणाकडून जिंकली?

कोणाकडूनच नाही. १६७९ च्या पावसाळ्यात खांदेरीवर जिंकायला किल्लाच नव्हता. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर समुद्रात, मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेलं ते एक ओसाड बेट होतं. १६७२ मध्ये तिथे बांधकाम करून पाहिलं, पण मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम सोडावं लागलं. १६७९ च्या ऑगस्टअखेरीस महाराजांचा सरदार मायनाक भंडारी दीडेकशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला, तो तट बांधायला. लढाई पेटली ती या बांधकामावरून.

चार भिंतींची एवढी धास्ती कशाला? जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपलं आरमार मुंबईत माझगावला आणून ठेवायचा आणि तिथून अलिबाग-कुलाब्याच्या बाजूची गावं लुटायचा. १६७८ मध्ये ते आरमार माझगावलाच जाळायचा बेत मराठ्यांनी केला, तो फसला. खांदेरीवर तोफा चढल्या म्हणजे मुंबईत येणारं-जाणारं प्रत्येक जहाज मराठ्यांच्या नजरेखालून जाणार. इंग्रजांचं पोटच व्यापारावर, त्यांना झोप कशी लागावी? बेट मुंबईच्याच हद्दीतलं आहे, असा दावा त्यांनी लावला. महाराजांनी त्याला भीक घातली नाही.

सिद्दी आणि इंग्रज एकजुटीने लढले, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते तितकं सरळ नव्हतं. हे सिद्दी, म्हणजे जंजिऱ्याचे हबशी, मुळात निजामशाहीचे चाकर, म्हणजे १६१० मध्ये खडकी, पुढचं औरंगाबाद, आपलं हे शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरच्याच दरबारचे. निजामशाही बुडाल्यावर ते आदिलशाहीकडे गेले आणि १६७० च्या सुमारास मोगलांकडे. खांदेरीच्या वेढ्यात सिद्दी कासम आला तो मोगलांचा आरमारी सरदार म्हणून, आणि तोही नोव्हेंबरात. तोवर इंग्रज एकटेच झुंजत होते. तो आल्यावर त्यांना नवीच काळजी लागली. सिद्दीने बेट घेतलं तर तो ते परत देईल कशावरून? बरोबर लढायचं आणि सोबत्याने जिंकू नये अशीही इच्छा धरायची, असला तो मामला होता.

आता मुख्य गैरसमज. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याने इंग्रजी आरमाराचा धुव्वा उडवला, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. इंग्रजी बाजूने वाचलं तर विजय त्यांचा. दोन्ही अर्धंच खरं. त्या दिवशी उजाडताना नागावकडून मराठ्यांची पन्नासेक गलबतं वल्ही मारत इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही. त्यांची जहाजं आठ: ‘रिव्हेंज’ हे मोठं फ्रिगेट, दोन गुराबा, बाकी शिबाडं आणि मचवे. ‘डोव्हर’ ही गुराब माणसांसकट मराठ्यांच्या हाती लागली आणि छोटी जहाजं पांगली. कॅप्टन मिंचिन आणि केग्विन ‘रिव्हेंज’वर एकटे उरले, पण त्या एका जहाजाच्या तोफांनी सगळा नूर पालटला. मराठ्यांची काही गलबतं बुडाली, उरलेली नागोठण्याच्या खाडीकडे वळली. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत फ्रिगेट भारी पडलं, हे मान्य करायला आपल्याला जड का जावं, कळत नाही.

कारण खांदेरीचा निकाल त्या सकाळी लागलाच नव्हता. बेटावर गवंडी होते, पाथरवट होते. त्यांना धान्य आणि दारूगोळा पोचतो की नाही, यावर सगळं ठरणार होतं. इंग्रजांनी बेटाला नाकेबंदी केली. पण फ्रिगेटला वारा लागतो, खोल पाणी लागतं. खांदेरीभोवती खडकच खडक. रात्री वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी. तेवढ्यात मराठ्यांचे बुटके मचवे वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, थळच्या बाजूने बेटाला लागायचे आणि माल उतरवून उजाडायच्या आत माघारी. सकाळी पहावं तर तट आणखी वर चढलेला. सप्टेंबरात इंग्रजांनी बेटावर उतरून पाहिलं होतं, त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. पुन्हा उतरायची हिंमत त्यांना झाली नाही. माझ्या मते या लढाईचे खरे मानकरी ते मचवेवाले आहेत, आणि त्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

महाराज स्वतः खांदेरीवर उभे राहून लढले, असं चित्रही काहींच्या मनात असतं. नोव्हेंबर १६७९ मध्ये, खांदेरीचा वेढा ऐन भरात असताना, महाराज होते आपल्याकडे, जालन्यात! इथून साठेक किलोमीटरवर. मोगल शहजादा मुअज्जम औरंगाबादेत बसलेला असताना त्यांनी जालन्याची पेठ लुटली. परतताना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं, तिथे मराठा सरदार सिधोजी निंबाळकर पडले आणि महाराज पट्टा किल्ल्यावर पोचले. आरमाराचं काम दौलतखान आणि मायनाक यांच्यावर सोपवून ते घाटावर मोहीम चालवत होते.

इंग्रज शेवटी थकले ते खर्चाने. सुरतेच्या वरिष्ठांना हे युद्ध परवडत नव्हतं. जानेवारी १६८० मध्ये त्यांनी जहाजं मागे घेतली आणि मार्चमध्ये तह झाला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. मुंबईच्या आसऱ्याने सिद्दीने मराठी मुलखावर धाडी घालू नयेत, हेही ठरलं. ३ एप्रिलला महाराज गेले.

राहिली उंदेरी, खांदेरीच्या शेजारचं बेट. ‘खांदेरी-उंदेरी’ असं जोडनाव असल्यामुळे दोन्ही बेटं महाराजांची, असा समज पक्का बसलाय. उंदेरी जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने बळकावली आणि त्यानेच तिथे तट घातला. ती घ्यायला गेलेला दौलतखान त्याच महिन्यात जखमी होऊन परतला; संभाजीराजांनी त्याच वर्षी केलेला हल्लाही फसला. पुढे वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या या दोन बेटांच्या तोफा एकमेकींवर रोखलेल्या राहिल्या. खांदेरी पुढे कान्होजी आंग्र्यांकडे आली, आणि १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून ती घ्यायला गेला, तेव्हा त्यालाही रिकाम्या हाताने परतावं लागलं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. उंदेरी नाही आणि जंजिराही नाही.